अडवलेला कडबा

माझ्या सासरी वर्षातून एकदा ठरवून खोटं बोललं जायचं, आणि त्याला 'शब्द पाळणं' म्हणत. लग्न होऊन आले त्याच वर्षी मला ते कळलं. तेव्हा जो राग डोक्यात गेला तो अजून पुरता उतरलेला नाही. आता कोणी म्हणेल, एवढ्या वर्षांनी कशाला उकरून काढता? काढते. ज्यांना गप्प बसायचं होतं ते बसले, मी का बसू?

माझं माहेर राहुरीकडचं, पाटाच्या पाण्याखालचं. सासर नेवासे तालुक्यात, घोडेगावच्या पलीकडं, कोरडवाहू. जमीन काळी आणि कसदार, पण वरून पडलं तर पिकायचं, नाहीतर नुसत्या भेगा. सासऱ्यांची स्वतःची जमीन म्हणजे टेकाडावरचा मुरमाड तुकडा. हुलगे-मटकीपलीकडं तिच्यात काही येत नसे. घर चालायचं ते गावातल्या एका बड्या जमीनदाराच्या वावरावर. सगळा गाव त्याला 'मालक' म्हणे, म्हणून मीही म्हणते. पण त्याला अहो-जाहो करणार नाही. मामांपेक्षा, म्हणजे माझ्या सासऱ्यांपेक्षा, तो वयानं लहान होता आणि चारचौघांत त्यांना 'अरे-तुरे' करायचा.

वावर आम्ही वाट्यानं करायचो. नांगरट, पेरणी, खुरपणी, राखण, काढणी सगळी आमची. खळ्यावर ज्वारीची रास पडली की तिचे दोन सारखे भाग व्हायचे, एक त्याचा, एक आमचा. कडबा मात्र सगळा आमचा. ही रीत काही मामांनी काढलेली नव्हती, आसपासच्या सगळ्या गावांत तशीच होती. ज्याचे बैल त्या रानात राबले त्यांनी वर्षभर खायचं काय? म्हणून कडबा बैलांचा. मालक दाणे न्यायचा, बैल कडबा खायचे, आणि मधे जे उरेल त्यात आम्ही माणसं राहायचो.

आता ते खोटं. थंडीच्या दिवसांत तलाठी पिकं बघायला शिवारात यायचा. त्या वर्षी मी भाकरीची पाटी घेऊन रानात गेले होते आणि तलाठी, मालक आणि मामा बांधावर उभे होते. तलाठ्यानं विचारलं, "हे वावर कोण कसतं?" मालक आभाळाकडं बघत उभा राहिला. मामांनी मुंडासं सारखं केलं आणि म्हणाले, "मालकच कसत्यात. मी त्यांचा सालगडी." तलाठ्यालाही खरं ठाऊक होतं. त्यानं मान डोलावली आणि तो पुढच्या वावराकडं गेला. नांगराचं रुमणं धरून ज्यांच्या तळहाताचं कातडं झालं होतं, ते मामा त्याच तळहातांनी त्याला रामराम करत होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाटी खाली ठेवून मी विचारलं, "मामा, तुमी सालगडी कवापासून झालात?"

मामा हसले. "आगं, वावर घेताना शब्द दिल्ता त्यांना. सरकारी मानसापुढं कूळ म्हनून बोलायचं न्हाई. दिला म्हंजी दिला."

कूळकायदा आला होता तो कसणाऱ्यासाठी. जो कसतो त्याचं नाव कूळ म्हणून लागलं की त्याला जमिनीवर हक्क सांगता येई. झालं काय, तर जमीनदार शहाणे झाले. जमीन द्यायची ती या बोलीवर, की कसशील तू, पण कसतो म्हणून सांगशील मी. कबूल नसेल तर वावर दुसऱ्याला. आमच्यासाठी केलेला कायदा असा आमच्याच छातीवर येऊन बसला, आणि वरून आमच्याच तोंडून वदवून घेऊ लागला की आम्ही कोणी नाही. मी रात्री नवऱ्याजवळ भांडले. तो म्हणाला, "बाप बोलला, आता मी काय बोलू?" माझा नवरा भला माणूस होता. असल्या वेळी त्याला नेमकी झोप यायची.

मग दुष्काळाची ती सालं आली. आधी पाऊस ओढ देऊ लागला, मग रुसला, मग त्यानं तोंडच फिरवलं. ज्वारी पेरली होती ती ओलीवर कशीबशी कमरेएवढी वाढली आणि थांबली. कणसं निसवली, पण दाणा भरला नाही. हातात चोळलं की नुसतं भुसकट. आमचे दोन बैल घरच्या गाईचे होते, पाठोपाठच्या वर्षांत झालेले. मामांनी त्यांना वासरांपासून वाढवलं होतं, त्यांच्या अंगावर गोचीड दिसला तरी मामांना जेवण जात नसे. मामा म्हणाले, "दाना न्हाई तर न्हाई. कडबा हाय. मानसं मजुरीवर जगतील, बैल कडब्यावर जगतील. पुढल्या साली पाऊस आला की औत हाय, सगळं हाय." त्यांचं खरं होतं. त्या वर्षी ज्याचे बैल जगले त्याची शेती जगली. विहिरी आटलेल्या, गुरांच्या छावणीचं नुसतं बोलणं चाललेलं, आणि घोडेगावच्या बाजारात ओळीनं हाडं दिसणारी जनावरं उभी. घेणारा शेतकरी त्यात एकही नसे. घेणारे कोण असत ते सांगायला नको.

आम्ही ज्वारी उपटून पेंढ्या बांधत होतो, त्या दिवशी मालकाच्या गाड्या वावरात आल्या. गाड्यांमागून तो स्वतः चालत आला.

"भरा," तो गड्यांना म्हणाला.

मामांना आधी कळलंच नाही. "मालक, औंदा खळं न्हाई व्हायचं. दानाच न्हाई."

"दिसतंय मला. दाना झाला आसता तर निम्मा माझा हुता. आता झाला न्हाई. मंग माझ्या वाट्याला काय, वारं?"

"पर कडबा बैलांचा आसतोय, मालक."

"रीत पिकलेल्या सालाची. ह्या साली कडबा हेच पीक. आन् जमीन कोनाची?" मग जरा दया आल्यासारखं करून म्हणाला, "तुला लागला तर चार पेंढ्या ठिव."

म्हणजे दाणे झाले की रीत, आणि न झाले की जमीन कोणाची! पिकलं तर तुझं-माझं आणि जळलं तर माझं एकट्याचं, असा हा वाटा. मी पुढं झाले तर आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, माझा हात धरला. तरी मी ते बोलून घेतलंच असतं, पण तेवढ्यात माझी नजर मामांकडं गेली. गाडीवरच्या गड्याचा हात पेंढ्यांना पुरत नव्हता, आणि मामा खालून एकेक पेंढी उचलून त्याला वर देत होते. आपल्या बैलांच्या तोंडातला घास आपल्या हातानं दुसऱ्याच्या गाडीत! सवय फार वाईट. लुटणारा दमला तर लुटला जाणाराच त्याला हात देतो, अशी ती सवय होती.

कडब्याची गंज मालकाच्या गोठ्यामागं लागली. त्याची गुरं त्यातलं खात होती, आणि त्यातल्याच पेंढ्या गाड्या भरून घोडेगावला विकायला जात होत्या. कडब्याला सोन्याचं मोल आलं होतं, म्हणून तर त्याला रीत जुनी वाटू लागली. आमचे बैल बाभळीच्या शेंगा, लिंबाचा पाला आणि काटे जाळलेल्या निवडुंगावर दिवस काढू लागले. बघता बघता त्यांच्या पाठीची हाडं वर आली. एक दिवस मामा त्यांच्या गळ्यातल्या घंटा सोडून घरात घेऊन आले. म्हणाले, "येत्या बाजाराला घोडेगावला नेतो. घरी उपाशी मारन्यापरीस…" आणि घंटा खुंटीला टांगल्या. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. माझ्या नवऱ्यानंही मान फिरवली.

बाजार तोंडावर आला होता. आम्ही सगळी तेव्हा दुष्काळी कामावर जायचो, रस्त्याची खडी फोडायला. त्या दिवशी तिथं तालुक्याच्या साहेबांची जीप आली. साहेब उतरले, पाणी मिळतं का, मुकादम हजेरी नीट लावतो का, असं विचारत बायकांच्या रांगेवरून चालले. बायका खाली बघत "व्हय व्हय" म्हणत होत्या. ते माझ्यापर्यंत आले तसा मी हातोडा खाली ठेवला आणि उभी राहिले.

"पानी मिळतंय साहेब. कडबा मिळत न्हाई."

मुकादम मधे पडला, "साहेब, ते घरचं भांडान हाय."

"कुणाच्या घरचं रं?" मी म्हणाले. "आमी वाट्यानं वावर करतो. कडबा रीतीपरमानं आमचा. मालकानं सगळा उचलून नेला. आमचं बैल मरायला लागल्यात."

साहेब तरुण होते, उन्हानं चेहरा रापलेला. त्यांनी टोपी काढून घाम पुसला. "तुमचे सासरे कूळ आहेत?"

"हायेत."

"नाव लागलंय?"

"लागू देत न्हाईत."

ते ऐकून त्यांनी मान हलवली. त्यांना हे नवीन नसावं. म्हणाले, "उद्या मी तुमच्या गावावरूनच जाणार आहे. चावडीवर थांबतो. दोघांनाही बोलावून ठेवा." आणि मुकादमाला म्हणाले, "निरोप तू द्यायचा."

निरोप आमच्या घरी माझ्याआधी पोचला. मी उंबऱ्यात पाय ठेवला तर मामा अंगणातच उभे. एवढे चिडलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "माझं तोंड काळं केलंस तू गावात. शब्द दिल्ता मी!"

"तुमचं कशानं काळं हुईल मामा? कडबा त्यानं नेला."

"त्यानं त्याचं इमान सोडलं, म्हनून मी माझं सोडायचं?"

"बैलांचं इमान कोन ठिवनार मंग?"

त्यावर मामा आणखीच ओरडू लागले. ते बरंच बोलले. मी भाकरी थापत राहिले. त्या दिवशी भाकरी जरा जोरातच थापल्या जात असाव्यात, कारण आत्याबाई म्हणाल्या, "परात फुटंल." मग हळूच म्हणाल्या, "उद्या मीबी येते चावडीवर."

दुसऱ्या दिवशी चावडीपुढं सगळा गाव. बाप्ये पारावर, बायका देवळाच्या भिंतीला लागून, तलाठीही दप्तर घेऊन आलेला. चावडीच्या समोरच मालकाचं घर, मोठा ओटा, आणि ओट्यावर दाराला टेकून त्याची बायको उभी. तिला आम्ही काकी म्हणायचो. साहेबांसाठी चहा तिथूनच आला. तो आला तशी माझी आशा सुटली, कारण चहा ज्याच्या घरचा निकाल त्याच्या बाजूचा, हे आम्ही आजवर बघत आलो होतो. साहेबांनी कप तसाच बाजूला ठेवला.

"तुमचं म्हणणं काय?" त्यांनी मामांना विचारलं.

मामा हात जोडून उभे राहिले.

"बरं, एवढं सांगा. ते वावर कोण कसतं?"

सगळा गाव त्या वावरात मामांना येता-जाता बघत होता. बायका-पोरांना ठाऊक, कुत्र्या-मांजरांना ठाऊक. पारावर पांढऱ्या मिशांचे जाणते बसले होते, त्यांनी मामांबरोबर औतं हाकली होती. मामा म्हणाले, "मालक कसत्यात. मी सालगडी."

एकाही म्हाताऱ्यानं तोंड उघडलं नाही. सगळे तोंडात मूग धरून बसले. मला मामांचा राग आला, त्याहून त्या म्हाताऱ्यांचा आला.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मग मालकाकडं. "हे सालगडी आहेत तर मग कडबा तुमचाच, प्रश्नच मिटला. पण एक विचारतो. जमीन तुम्ही घरी कसता, तर औत कोणाचं? बैल कोणाचे?"

आता इथं मालक जर म्हणाला असता, बैल त्याचे, मी भाड्यानं लावले, तर कदाचित तो सुटलाही असता. पण इतक्या वर्षांत मामांनी त्याच्या कुठल्याच बोलण्याला 'नाही' म्हटलं नव्हतं. त्याला वाटलं, हे तोंड आपलंच आहे, काहीही घातलं तरी गिळेल.

"बैलबी माझंच," तो म्हणाला. "त्याच्याकडं संबाळायला दिल्यात."

मामांनी एकदम वर पाहिलं. आत्ताच ते बोलून बसले होते की मी सालगडी, आणि सालगड्याला कुठले बैल? स्वतःच्या इमानानंच त्यांचा गळा आवळला होता. त्या माणसानं जमीन घेतली, कडबा घेतला, आणि आता आमच्या गाईच्या पोटची वासरं गावादेखत आपली म्हणत होता, आणि गाव ऐकत होता!

मी पदर खोचला आणि चावडीकडं नाही, ओट्याकडं गेले. आत्याबाईंनी या वेळी माझा हात धरला नाही. ओट्याखाली उभी राहून मी सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलले.

"काकी, एकच इचारते. इतकी सालं पोळा झाला. ह्या बैलांच्या पायावर तुमी कदी पानी घातलंय का?"

आमच्याकडं पोळ्याच्या दिवशी ज्याचे बैल त्याच्या दारात जातात. त्या घरची बाई त्यांचे पाय धुते, कुंकू लावते, पुरणपोळी भरवते. दुसऱ्याच्या बैलांचं ते कोणी आपल्या नावावर घेत नाही, आणि आपले बैल दुसऱ्याच्या दारी कोणी पुजू देत नाही. सरकारदरबारी काही सांगा, तलाठ्याला काही सांगा, पण पोळ्याचं खोटं सांगायला आमच्याकडच्या बाईची जीभ उचलत नाही. मालक हे विसरला होता. पोळ्याला तो मिरवणुकीत पुढं असायचा, पाय धुण्याशी त्याचा संबंधच कधी आला नव्हता.

"आत जा गं," तो चावडीवरून ओरडला.

काकी आत गेल्या नाहीत. डोक्यावरचा पदर त्यांनी पुढं ओढला. आवाज अगदी बारीक, पण ऐकू आला सगळ्यांना.

"न्हाई. मी न्हाई घातलं कदी. आमच्या दारी आमचं बैल येत्यात. ती जोडी तिच्या सासूनं पुजलीया दर साली. मी खोटं सांगनार न्हाई, मला लेकरंबाळं हायेत."

मग पारावरच्या म्हाताऱ्यांना कंठ फुटला. "खरं हाय साहेब." "जोडी ह्याच्याच घरची." "कडबा बैलवाल्याचाच, आमच्याकडची रीतच हाय ती." एकामागून एक सगळे बोलू लागले. बाईनं दार उघडल्यावर बाप्ये आत शिरले! इतका वेळ ही रीत कुठं ठेवली होती त्यांनी, मुंडाशात?

साहेब उभे राहिले. म्हणाले, "बैल यांचे, रीत गावाची. उरलेली गंज आजच्या आज यांच्या दारात गेली पाहिजे. तलाठी, तुम्ही उभं राहून पोचवा."

आणि मग साहेब मामांकडं वळले. आवाज मऊ केला. "बैल तुमचे, नांगरट तुमची, पेरणी तुमची. आता मला खरं सांगा. एकदाच म्हणा, मी कूळ आहे. पुढचं मी बघतो."

मी मनातल्या मनात मामांना ढकलत होते. म्हणा मामा. त्यानं बैलांवर हात टाकलाय, आता कसला शब्द? नुसतं 'व्हय' म्हणा.

मामा तिथून थेट मालकापुढं जाऊन उभे राहिले. म्हणाले, "मालक, माझा शब्द तुमच्यापाशी हाय. तो मी मोडायचा न्हाई. तुमीच मोकळा करा. साहेबाला तुमी सांगा, वावर कोन कसतंय."

एवढी वर्षं जे त्यानं मामांकडून वदवून घेतलं, ते उलटून एकदा खरं बोलायची पाळी त्याच्यावर आली. बायको ओट्यावरून बघत होती. गाव बघत होता. मालक म्हणाला, "मी कसतो."

"मंग कसा," मामा म्हणाले. "औंदापासून तुमीच कसा."

साहेबांनी पुन्हा समजावून पाहिलं, पण मामा हात जोडून चावडीच्या पायऱ्या उतरले होते. मी कपाळाला हात लावला. गावातल्या माणसांना ते फार भारी वाटलं. कित्येक दिवस लोक 'मंग कसा' म्हणून मामांची वाहवा करत होते. वाहवा करायला काय जातं? वावर कोणाचं गेलं?

कडबा संध्याकाळच्या आत आला. गंज निम्मीच उरली होती, बाकी मालकाच्या गुरांनी आणि बाजारानं खाल्ली. तरी ती पुरली. मामांनी घंटा पुन्हा बैलांच्या गळ्यात बांधल्या आणि बाजाराचा दिवस आम्ही घरात बसून घालवला. काकी मात्र त्यानंतर बरेच दिवस ओट्यावर दिसल्या नाहीत. घरात त्यांना काय सोसावं लागलं, हे गावातल्या कोणी विचारलं नाही. आमचं भांडण मिटलं असं सगळे म्हणत होते, आणि ज्या बाईच्या एका वाक्यानं ते मिटलं ती दाराआड होती.

पुढच्या साली पाऊस आला. मालकानं ते वावर दुसऱ्या कोणाला वाट्यानं द्यायचं पाहिलं, पण कोणी घेईना. माझे बैल उद्या स्वतःचे म्हणायला लागला तर काय घ्या, असं लोक तोंडावर नाही तरी आपापसांत म्हणत. शेवटी पेरणीच्या तोंडावर तो स्वतः आमच्या अंगणात आला. बसला नाही, उभ्याउभ्याच म्हणाला, "झालं ते झालं. वावर पड ऱ्हातंय. पयल्यावानी कर."

"करतो की," मामा म्हणाले. "चावडीवर येऊन तेवढं एक सांगा, का ह्यो कसतोय. उद्याच औत जुंपतो."

तो तसाच मागं वळला. वावर पड राहिलं. एक खरं वाक्य बोलण्यापेक्षा असली कसदार काळी जमीन गवताला दिलेली त्याला परवडली. आम्ही दुसऱ्यांच्या रानात भाड्यानं औत हाकू लागलो. बैल आता पुन्हा भरले होते, कातडी तुकतुकीत. जुंपायला मात्र आपलं म्हणावं असं रान त्यांना नव्हतं.

एका सकाळी औत घेऊन आम्ही त्याच वावराच्या कडेनं चाललो होतो. कमरेएवढं गवत माजलं होतं. मामांनी बैल थांबवले.

"सूनबाई, त्या दिशी मी साहेबाला 'व्हय' म्हनलो आसतो, तर औंदा ह्यात आपली पेर आसती का गं?"

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, जाऊ द्या मामा. मला तसं बोलता येत नाही.

"आसती," मी म्हणाले.

ते गवताकडं बघत म्हणाले, "आन् शब्द?"

"तुमचा शब्द मालकाच्या घरात पडलाय मामा. त्यानं येकदाबी उघडून बगितला नसंल."

मामा एका बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, मग त्यांनी कासरा ओढला आणि आम्ही दुसऱ्याच्या रानाकडं निघालो.